दिसले म्हणजे वाढले?

उत्तर अमेरिकेचा ईशान्य किनारा, म्हणजे मॅसॅच्युसेट्स, मेन आणि त्याच्याही वर कॅनडाचा नोव्हा स्कोशिया प्रांत, इथे जुलै ते ऑक्टोबर हा ग्रेट व्हाइट शार्कच्या बातम्यांचा हंगाम. कुणाच्या होडीशेजारून पाठीवरचा काळपट त्रिकोणी पर सरकत जातो, कुणाच्या ड्रोनला उथळ पाण्यात पोहणाऱ्यांच्या पलीकडे लांबलचक सावली दिसते, कुठे अर्धवट खाल्लेला सील लाटांबरोबर वाळूवर येऊन पडतो. बॉस्टनच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींना केप कॉड हा उन्हाळी सहलीचा जवळचा किनारा, त्यामुळे हे व्हिडिओ पुण्यातल्या घरगुती ग्रुपांवरही लगोलग येऊन पोचतात. सोबत निष्कर्षही तयार असतात: शार्क बेसुमार वाढले, समुद्र तापल्यामुळे ते उत्तरेला सरकले, आणि आता तिथे पोहणं म्हणजे जिवाशी खेळ. या तिन्ही विधानांत थोडंफार तथ्य आहे. पण ती तीन वेगवेगळी विधानं आहेत, प्रत्येकाला वेगळा पुरावा लागतो, आणि ‘यंदा जास्त दिसले’ एवढ्या एका गोष्टीवरून त्यांतलं एकही सिद्ध होत नाही. कुठलाही रानटी प्राणी दिसतो तेव्हा चार गोष्टी जुळून आलेल्या असतात. तो मुळात तिथे असतो, तो माणसाच्या वाटेवर येतो, त्या क्षणी बघणारा हजर असतो, आणि पाहिलेलं तो कुणाला तरी कळवतो. यांतली कुठलीही एक वाढली तरी नोंदी वाढतात. मग नेमकं काय वाढलं हे शोधायचं कसं, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर केप कॉडला जसं लागतं तसंच ते पालघरच्या खाडीत आणि जुन्नरच्या उसातही लागतं.

आधी थंड पाण्याचा मुद्दा. शार्क म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर निळंशार, कोमट, नारळाच्या झाडांचं समुद्रचित्र येतं, म्हणून मेनच्या गारठ्यात तो दिसला की काहीतरी बिनसलं असं वाटतं. ग्रेट व्हाइटच्या बाबतीत ही समजूतच उलटी आहे. बहुतेक मासे आजूबाजूच्या पाण्याइतकेच थंड असतात. त्यांच्या स्नायूंत तयार झालेली उष्णता रक्ताबरोबर कल्ल्यांपर्यंत जाते आणि तिथे पाण्यात वाया जाते. ग्रेट व्हाइट आणि त्याचे काही सगेसोयरे मात्र ती वाया जाऊ देत नाहीत. त्यांच्या शरीरात बारीक रक्तवाहिन्यांची दाट जाळी असते. स्नायूंकडून परतणारं गरम रक्त आणि कल्ल्यांकडून येणारं थंड रक्त तिथे एकमेकांना खेटून, उलट दिशांनी वाहतं, आणि बाहेर पडू पाहणारी उष्णता आत येणाऱ्या रक्ताला मिळते. त्यामुळे या शार्कचं पोट भोवतालच्या पाण्यापेक्षा १४ अंश सेल्सिअसपर्यंत जास्त गरम राहू शकतं. पचन लवकर होतं, स्नायू आखडत नाहीत, आणि गार पाण्यात चपळ सीलचा पाठलाग करता येतो. थोडक्यात, थंड समुद्र हे त्याचं घर आहे. न्यू फाउंडलंडपर्यंत तो उन्हाळ्यात जातो हे ड्रोन आणि मोबाइल येण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. ‘उत्तरेत शार्क दिसला’ ही बातमी म्हणून ठीक आहे, पण तेवढ्यावरून तो ‘उत्तरेला सरकला’ असं म्हणता येत नाही.

मग केप कॉडला अचानक गर्दी का दिसू लागली? उत्तर शार्कपेक्षा सीलकडे जास्त आहे. सील मासेमारांच्या जाळ्यातले मासे पळवतात म्हणून मेन आणि मॅसॅच्युसेट्स या राज्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्यांच्यावर इनाम लावलं होतं. मारलेल्या सीलचं नाक आणून दाखवायचं आणि पैसे घेऊन जायचं, असा हिशेब. मॅसॅच्युसेट्समध्ये हे इनाम १९६२ मध्ये बंद झालं. तोवर या किनाऱ्यावर ७० हजारांहून अधिक सील मारले गेले असा अंदाज आहे, आणि करड्या रंगाचा मोठा सील तर तिथून जवळपास नाहीसाच झाला होता. १९७२ मध्ये अमेरिकेने सागरी सस्तन प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. कॅनडाच्या बाजूला जगलेले सील हळूहळू दक्षिणेकडे परतले, मोनोमॉय आणि मस्केगेट बेटांवर पुन्हा पिल्लं देऊ लागले, आणि आज केप कॉडच्या परिसरात ३० ते ५० हजार करडे सील असावेत असा अंदाज उपग्रहचित्रांवरून बांधला गेला आहे. इकडे शार्कचा इतिहास वेगळ्या वळणाने गेला. १९७० आणि ८० च्या दशकांत, विशेषतः लांब दोरांच्या गळांनी होणाऱ्या मासेमारीत आणि हौशी शिकारीत, अटलांटिकमधले ग्रेट व्हाइट झपाट्याने घटले. १८०० ते २०१० या काळातल्या ६४९ खात्रीच्या नोंदी तपासून २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने ही घट सत्तर टक्क्यांच्या घरात असावी असं दाखवलं. १९९७ मध्ये अमेरिकेच्या अटलांटिक समुद्रात त्यांना पकडून ठेवण्यावर बंदी आली आणि २००५ मध्ये मॅसॅच्युसेट्सने आपल्या हद्दीतही तसा नियम केला. म्हणजे शिकारी वाचला आणि त्याची शिकारही परतली. शिवाय ही शिकार किनाऱ्याला चिकटून, कमरेएवढ्या पाण्यात आणि वाळूच्या पट्ट्यांवर राहणारी. पूर्वी शार्क मेलेल्या देवमाशांवर आणि माशांवर खोल समुद्रात गुजराण करत, तिथे त्यांना बघणारं कुणी नव्हतं. आता ते त्याच वाळूशी येतात जिथे माणूस टॉवेल पसरून बसतो.

इथपर्यंतचा तर्क पटण्यासारखा असला तरी तर्कच आहे. संख्या सांगायची तर नुसतं बघून भागत नाही, प्रत्येक प्राणी वेगळा ओळखता आला पाहिजे. शार्क-संशोधक ग्रेग स्कोमल यांच्या चमूने २००९ मध्ये केप कॉडला पहिल्यांदा ग्रेट व्हाइटना टॅग लावायला सुरुवात केली तेव्हापासून हे काम चालू आहे. छोटं विमान वरून शार्क शोधतं आणि बोटीला दिशा देतं. बोटीच्या नाळेवरून पुढे काढलेल्या अरुंद फळीवर एक माणूस लांब काठी घेऊन उभा असतो. बोट शार्कच्या अंगावर आली की पाठीवरच्या पराच्या बुडाशी टोचणीसारखा टॅग रोवायचा, आणि त्याच वेळी दुसऱ्या काठीच्या टोकाचा कॅमेरा पाण्यात बुडवून शार्कचं डोक्यापासून शेपटीपर्यंत चित्रण करायचं. परांच्या कडांना पडलेल्या खाचा, कल्ल्यांजवळ आणि शेपटीच्या मुळाशी जिथे करडा रंग पांढऱ्याला मिळतो तिथली नागमोडी रेष, जुने व्रण, हे सगळं मिळून प्रत्येकाची ओळख ठरते. टॅग नसलेलाही शार्क चित्रणावरून पुन्हा ओळखता येतो. अशा शेकडो फेऱ्यांच्या चित्रणावरून २०१५ ते २०१८ या चार वर्षांत केप कॉडला सुमारे ८०० वेगवेगळे ग्रेट व्हाइट येऊन गेले असा अंदाज निघाला. हा आकडा नीट वाचायला हवा. तो चार वर्षांत येऊन गेलेल्यांचा आहे, एका वेळी तिथे असलेल्यांचा नाही. कित्येक जण दोन-चार दिवस थांबून पुढे जातात. आणि हा आकडा मुळात निघू शकला तो दिसण्याच्या नोंदी गोळा करून नव्हे, एकच प्राणी किती वेळा पुन्हा भेटतो या गणितावरून. तोच शार्क वारंवार भेटत असेल तर एकूण संख्या लहान, दर वेळी नवाच भेटत असेल तर मोठी. बातमीत मात्र एकाच शार्कला सात जणांनी पाहिलं तर ते सात शार्क होतात.

इथे एक जीवशास्त्रीय तपशील फारसा कुणी लक्षात घेत नाही. वायव्य अटलांटिकमधल्या ग्रेट व्हाइटच्या मणक्यांवरची वर्तुळं मोजून संशोधकांनी असं मांडलं आहे की तिथली मादी साधारण ३३ व्या वर्षी वयात येते आणि नर २६ व्या. आयुष्य ७० वर्षांपर्यंत जाऊ शकतं. आता हिशेब करा. १९९७ मध्ये, संरक्षणाच्या पहिल्याच वर्षी जन्मलेली मादी २०३० च्या सुमारास पहिल्यांदा वयात येणार. म्हणजे आज केप कॉडला जे शार्क दिसतात त्यांच्यात संरक्षणाच्या काळात जन्मलेल्या माद्यांची पिल्लं असूच शकत नाहीत. आजची वाढ आहे ती जगून राहिलेल्यांची: पूर्वी गळाला लागून मेले असते असे शार्क आता मरत नाहीत, थोरल्या माद्यांची पिल्लं तग धरतात, आणि आहेत ते सीलच्या मागे किनाऱ्याशी एकवटतात. हेही कमी नाही. पण ‘बेसुमार प्रजनन’ हा शब्द इतक्या सावकाश वाढणाऱ्या प्राण्याला लावणं म्हणजे शुद्ध थाप आहे. उंदरांचा आणि शार्कचा हिशेब एका वहीत मांडता येत नाही. कॅनडाने २०११ मध्ये अटलांटिकमधल्या या शार्कला संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत घातलं आणि आज त्याच कॅनडाच्या किनाऱ्यावर तो जास्त दिसतो, या दोन गोष्टींत वरवर वाटते तशी विसंगती अजिबात नाही.

यावर पहिला आक्षेप असतो तापमानवाढीचा. समुद्र तापतोय हे उघड असताना सीलचं पुराण कशाला, असं विचारलं जातं. आक्षेप फेटाळण्यासारखा नाही, कारण एका ठिकाणी तो अगदी खरा ठरला आहे. २०१४ पासून दोनेक वर्षं ईशान्य पॅसिफिकमध्ये प्रचंड सागरी उष्णतेची लाट होती. कॅलिफोर्नियातले ग्रेट व्हाइटचे लहान बच्चे एरवी राज्याच्या दक्षिण टोकाच्या कोमट पाण्यात वाढतात. त्या लाटेत ते थेट मध्य कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे उपसागरात, पूर्वी जिथे ते क्वचितच असत अशा ठिकाणी, मोठ्या संख्येने दिसू लागले. टॅगच्या नोंदींवरून त्यांच्या सोयीच्या पाण्याची उत्तर सीमा ३४ अंश अक्षांशावरून सुमारे ३८.५ अंशांपर्यंत सरकल्याचं दिसलं. पण हे बच्चे होते, आणि मुद्दा तिथेच आहे. लहान शार्कचं शरीर लहान, उष्णता धरून ठेवायला अपुरं, म्हणून त्याला कोमट पाणी लागतं. पाणी तापलं की त्याची हद्द वाढते. पाचेक मीटरच्या मादीला मेनच्या गार पाण्याची अडचण कधीच नव्हती. तिची हद्द तापमानाने आखलेली नव्हती, खाद्याने आखलेली होती. मेनचा समुद्रही झपाट्याने तापतो आहे आणि त्यामुळे शार्कचा तिथला मुक्काम वर्षात काही दिवसांनी लांबला असेल, हे मान्य. तरी दोन किनाऱ्यांवर एकच दृश्य, म्हणजे ‘उत्तरेत जास्त शार्क’, दोन वेगळ्या कारणांनी दिसू शकतं हे विसरून चालणार नाही. पॅसिफिकचं स्पष्टीकरण उचलून अटलांटिकवर चिकटवलं की ते ऐकायला शास्त्रीय वाटतं, पण असतं अंदाजपंचे.

बघणाऱ्यांचं काय? २०१६ पासून केप कॉडला कुणालाही शार्कची नोंद करता येईल असं मोबाइल ॲप आहे, किनाऱ्यालगत तरंगणारे बोये टॅग लावलेला शार्क जवळून गेला की जीवरक्षकांना लगेच कळवतात, आणि हौशी ड्रोनवाल्यांची तर गणतीच नाही. नजरा वाढल्या की दिसणं वाढतं, आणि चुकीचं दिसणंही वाढतं. ब्रिटनच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावरून वर्षानुवर्षं ग्रेट व्हाइट दिसल्याच्या बातम्या येतात. आजवर त्यांतली एकही निर्विवाद सिद्ध झालेली नाही. तोंड वासून प्लवक गाळणारा, स्वभावाने गरीब बास्किंग शार्क त्या पाण्यात नेहमी असतो, आणि पाण्याबाहेर आलेला मोठा पर पाहून भल्याभल्यांची दांडी उडते. याची दुसरी बाजू दक्षिण आफ्रिकेत दिसते. केपटाउनजवळचा फॉल्स बे ग्रेट व्हाइटसाठी जगप्रसिद्ध होता. २०१७ नंतर तिथले शार्क दिसेनासे होत गेले आणि २०१९ पर्यंत तो उपसागर त्यांच्यावाचून ओस पडला. ‘पोर्ट’ आणि ‘स्टारबोर्ड’ अशी नावं पडलेले दोन ओर्का (किलर व्हेल) तिथल्या किनाऱ्यावर शार्क मारून त्यांची यकृतं खात होते. शार्क त्यांच्या भीतीने पूर्वेकडे निघून गेले की मासेमारीमुळे मुळातच कमी झाले, यावर संशोधकांत अजून वाद आहे. म्हणजे न दिसण्यालाही आपोआप अर्थ चिकटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त रोकडा आहे: कारण काहीही असो, माणसं मरतात त्याचं काय? २०१८ च्या सप्टेंबरमध्ये केप कॉडवरच्या वेलफ्लीटला एका तरुणाचा शार्कच्या हल्ल्यात मृत्यू झाला. मॅसॅच्युसेट्समध्ये १९३६ नंतरचा तो पहिला. जुलै २०२० मध्ये मेनच्या इतिहासातला शार्कच्या हल्ल्यातला पहिला मृत्यू झाला. या घटना लपवण्यासारख्या नाहीत, आणि ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याला जागतिक सरासरी ऐकवणं हा निव्वळ उद्धटपणा. तरीही धोरण ठरवताना सरासरी बघावीच लागते. चिथावणी नसताना शार्क चावल्याच्या साऱ्या जगातल्या घटना वर्षाला साधारण साठ-सत्तरच्या आसपास असतात, २०२४ मध्ये त्या ४७ होत्या. आणि धोका एकूण समुद्रातल्या शार्कच्या संख्येवर ठरत नाही, तो ठरतो विशिष्ट किनाऱ्यावर, विशिष्ट महिन्यात, सीलच्या किती जवळ आपण पोहतो यावर. ही गोष्ट बाजूला ठेवून नुसते शार्क कमी करायला निघालं की काय होतं ते पश्चिम ऑस्ट्रेलियाने २०१४ मध्ये पाहिलं. तिथे सरकारने किनाऱ्यासमोर आमिष लावलेले गळ टाकले. तीन महिन्यांत १७२ शार्क लागले, त्यांत बहुतेक टायगर शार्क. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तो ग्रेट व्हाइट त्यात एकही नव्हता.

हा धडा पुणे जिल्ह्याने ऑस्ट्रेलियाच्या दहा-बारा वर्षं आधी, आणि जास्त महागात, घेतला होता. जुन्नर वन विभागात २००१ नंतर बिबट्या दिसला की पिंजरा लावायचा आणि पकडलेला बिबट्या दूरच्या जंगलात नेऊन सोडायचा, असा धडाका सुरू झाला. त्याआधी वर्षाला सरासरी चार माणसांवर हल्ले होत होते. पकड-सोड जोरात असलेल्या काळात ही सरासरी सतरावर गेली. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे आकडे मांडले तेव्हा अनेकांना ते पचायला जड गेले. त्याच अत्रेय यांनी पुढे शेजारच्या अकोले तालुक्यात कॅमेरे लावून बिबट्यांची मोजणी केली. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसं राहणाऱ्या, ऊस-टोमॅटोच्या बागायती मुलखात दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि जवळजवळ तितकेच तरस निघाले. गावकऱ्यांना यांतले फार थोडे ‘दिसत’ होते. आज लोहगाव विमानतळाच्या आवारात बिबट्या दिसला की पुण्यात खळबळ उडते, सोसायटीच्या सीसीटीव्हीतली चार सेकंदांची शेपटी दिवसभर वाहिन्यांवर फिरते, आणि बिबटे शहरात घुसले असा निकाल लागतो. त्यांतले काही नव्याने आलेही असतील. पण सीसीटीव्ही बसण्याआधी त्याच जागी रात्री दोन वाजता काय चालत होतं, हे ज्याला सांगता येत नाही त्याला ‘वाढले’ हा शब्द वापरता येत नाही. अर्थात याचा अर्थ वन विभागाने हातावर हात ठेवून बसावं असाही नाही. ज्या वाडीत हल्ला झाला तिथे संरक्षण तातडीने हवंच. मोजणी हवी ती पुढच्या दहा वर्षांसाठी.

आता आपल्या समुद्राकडे. शार्क हा पुणेकरांना परका प्राणी नाही. मासळीबाजारात तो मोरी किंवा मुशी या नावाने येतो, आणि मोरीच्या कालवणाचे दर्दी पुण्यात पुष्कळ आहेत. फरक इतकाच की कोकणातला शार्क आपण जवळजवळ नेहमी मेलेलाच पाहतो. जिवंत शार्क बातमीत आला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये, पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या पाण्यात एका तरुणाच्या पायाला शार्कने गंभीर जखम केली तेव्हा. तो बुल शार्क असल्याचं सांगण्यात आलं. नदीत शार्क आलाच कसा, यावर दोन दिवस नवल चाललं. वास्तविक बुल शार्कची ख्यातीच ती आहे. समुद्री माशाला गोड्या पाण्यात टाकलं की त्याच्या अंगात पाणी शिरत राहतं आणि क्षार निघून जातात. बुल शार्कची मूत्रपिंडं भरपूर पातळ मूत्र टाकून आणि रक्तातल्या युरियाचं प्रमाण घटवून हा तोल सांभाळतात. अमेरिकेत मिसिसिपी नदीतून तो समुद्रापासून हजाराहून जास्त किलोमीटर आत, इलिनॉयपर्यंत गेल्याची नोंद १९३७ ची आहे. त्यापुढे वैतरणेची खाडी म्हणजे अंगण. मादी पिल्लं द्यायलाही अशा मचूळ पाण्यात येते, कारण तिथे मोठे शार्क कमी असतात. मनोरच्या घटनेवरून शार्क नदीत ‘शिरू लागले’ असं अनुमान काढण्यापेक्षा ते तिथे आधीपासून येत असावेत, माणसाची आणि त्यांची गाठ त्या दिवशी पडली, हे अनुमान जास्त सरळ आहे.

खुद्द ग्रेट व्हाइट कोकणात येऊ शकेल का? येऊन जाणं अशक्य नाही. ‘निकोल’ नावाची टॅग लावलेली मादी २००३-०४ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून निघून हिंदी महासागर पार करून पश्चिम ऑस्ट्रेलियापर्यंत गेली आणि नऊ महिन्यांच्या आत २० हजार किलोमीटरहून जास्त अंतर कापून परतली. अशा प्राण्याला अरबी समुद्र लांब नाही. पण येणं वेगळं आणि राहणं वेगळं. आपल्याकडे सील नाहीत, वरचं पाणी वर्षातला बराच काळ २६ ते ३० अंश असतं, आणि गारवा शोधायला खाली जावं तर शे-दीडशे मीटरच्या खाली अरबी समुद्रात प्राणवायू अतिशय कमी असलेला जाड थर पसरलेला आहे. गरम शरीर चालवणाऱ्या शार्कला प्राणवायू भरपूर लागतो. त्यामुळे समुद्र तापला तर हा शार्क आपल्याकडे येईल ही भीती उफराटी आहे. पुण्यात पाषाणला असलेल्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की १९०१ ते २०१२ या काळात हिंदी महासागराचा पश्चिम भाग उन्हाळ्यात १.२ अंशांनी तापला. सहा दशकांत तिथलं वनस्पतीप्लवक काही भागांत २० टक्क्यांपर्यंत घटलं, हेही त्यांच्याच चमूचं काम. सागरी उष्णलाटेचे दिवस वर्षाला सुमारे वीसवरून या शतकाच्या अखेरीस २२० ते २५० वर जातील असा त्यांचा २०२४ मधला अंदाज आहे. याचा परिणाम आधी दिसेल तो अन्नसाखळीच्या बुडाशी. तारलीचंच घ्या. १९८५ च्या आधी ही मासळी मुख्यतः केरळ आणि कर्नाटकच्या किनाऱ्याची. नंतर ती महाराष्ट्र आणि गुजरातच्या जाळ्यांतही येऊ लागली, आणि केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याचा संबंध तापत्या पाण्याशी जोडला. इथे हा संबंध जोडणं त्यांना शक्य झालं, कारण त्या संस्थेची माणसं दशकानुदशकं बंदरांवर उतरलेली मासळी आणि ती आणायला बोटींनी किती श्रम केले, या दोन्ही गोष्टी लिहून ठेवत आली आहेत. पकड दुप्पट झाली आणि बोटीही दुप्पट झाल्या तर मासा तेवढाच आहे, हे अशाच वहीतून कळतं.

मोठ्या, संरक्षित प्राण्यांच्या बाबतीत मात्र आपली वही अजून कोरी आहे, आणि ती भरायची संधी नेमकी आता आली आहे. व्हेल शार्क २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. पूर्वी तो जाळ्यात आला तर नुकसान मुकाट सोसायचं किंवा गुपचूप विल्हेवाट लावायची, हे दोनच मार्ग मच्छीमारापुढे होते. २०१८ च्या अखेरीस राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाने आणि कांदळवन कक्षाने एक योजना आणली. जाळं कापून असा प्राणी जिवंत सोडला आणि त्याचे फोटो किंवा व्हिडिओ दाखवले तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. योजना चांगलीच आहे. नायलॉनचं जाळं कापायला जिवावर येतं, आणि ते कापणाऱ्याला पैसे मिळालेच पाहिजेत. पण त्याचबरोबर डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत व्हेल शार्क आणि समुद्री कासवांच्या नोंदी एकदम वाढणार, कारण पूर्वी न सांगण्यात फायदा होता आणि आता सांगण्यात आहे. २०१५ मध्ये सिंधुदुर्गच्या समुद्रात निळा देवमासा दिसला तेव्हा ‘शंभर वर्षांनी दर्शन’ असे मथळे आले. त्या शंभर वर्षांत त्या पाण्यात देवमासे शोधायला, कॅमेरा घेऊन, मुद्दाम किती बोटी गेल्या होत्या, हे कुणी विचारलं नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा व्हेल शार्कच्या नोंदी शून्यावर येतात. त्या दोन महिन्यांत तो कुठे असतो हे त्या शून्यावरून कळत नाही, बोटी बंदरात असतात एवढंच कळतं. म्हणून भरपाईच्या फोटोबरोबर त्या फेरीत बोट किती तास समुद्रात होती, जाळं किती खोल आणि किती लांबीचं होतं, काहीच न सापडलेल्या फेऱ्या किती झाल्या, एवढं टिपून घेतलं, तर आणखी दहा वर्षांनी व्हेल शार्क वाढले की नाही हे सांगता येईल. न सापडलेल्या फेऱ्यांचा रकाना सगळ्यांत कंटाळवाणा, तो भरायला कुणी राजी होणार नाही, आणि त्याच्यावाचून बाकीचे रकाने निरुपयोगी आहेत.